तीन वर्षांत गुंडाळलेलं ऑस्कर : अकादमीच्या नियामक मंडळाला खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि नियामक मंडळाचे सदस्य,
अकादमी ऑफ मोशन पिक्चर आर्ट्स अँड सायन्सेस,
लॉस एंजेलिस.

स. न. वि. वि.

१० मार्च १९३८ ला तुमचा दहावा पुरस्कार सोहळा बिल्टमोर हॉटेलात झाला. व्हायचा होता आठवडाभर आधी, पण लॉस एंजेलिसमध्ये पूर आला आणि तारीख पुढे ढकलावी लागली. त्या रात्री हर्मीस पॅन नावाच्या अठ्ठावीस वर्षांच्या माणसाला 'अ डॅमझेल इन डिस्ट्रेस' या चित्रपटातल्या 'फन हाउस' नाचासाठी नृत्यदिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं. पुरस्कारांच्या यादीत या विभागाचं ते तिसरं वर्ष होतं आणि शेवटचंही. पुढच्या वर्षी तो विभागच तुम्ही काढून टाकलात. तो परत सुरू करा, एवढंच सांगायला हे पत्र लिहितेय.

मी कोण, ते आधी सांगते. मुंबईत हिंदी-मराठी सिनेमांत आधी ग्रुप डान्सर आणि नंतर असिस्टंट म्हणून मी बरीच वर्षं काम केलं. गाण्याच्या शूटिंगला 'पाच, सहा, सात, आठ' ओरडून घसा बसवणारी जी बाई कॅमेऱ्याच्या बाजूला उभी असते ना, ती मी. पत्र मराठीत का, असं वाटेल तुम्हाला. खुलं पत्र ज्याच्या नावे असतं त्याच्यापेक्षा बाजूला उभं राहून वाचणाऱ्यांसाठीच जास्त असतं. शिवाय तुमच्या सभासदांत आता आमच्याकडची मंडळीही आहेत. कुणीतरी सांगेल वाचून.

तर हा हर्मीस पॅन. मूळ आडनाव पानायोटोपुलोस. वडील ग्रीक, जन्म १९०९ चा, टेनेसी राज्यातल्या मेम्फिसचा. वाढला नॅशव्हिलमध्ये. कुठल्या नृत्यशाळेत जाऊन पदवी वगैरे घेतलेला माणूस नव्हे. घरी काम करणाऱ्या कृष्णवर्णीय बाईंच्या मुलाकडून आणि त्या वस्तीतल्या नाचांतून पायाला जे वळण लागलं, तीच त्याची शाळा. वडील लवकर गेले, कुटुंब न्यूयॉर्कला आलं. १९२८ मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, मार्क्स बंधू या विनोदी नटांच्या 'अ‍ॅनिमल क्रॅकर्स'च्या कोरसमध्ये तो होता. त्यानंतर 'टॉप स्पीड' नावाच्या नाटकात. त्या नाटकात जिंजर रॉजर्स नावाची एक मुलगी काम करत होती. पुढे ज्या बाईच्या नाचाचा अर्धा भार त्याच्या अंगावर पडणार होता, तिची ओळख झाली ती अशी, कोरसच्या मागच्या रांगेतून.

१९३३ साली हॉलिवूडच्या आरकेओ स्टुडिओत 'फ्लाइंग डाउन टू रिओ' सुरू होता. नृत्यदिग्दर्शक होते डेव्ह गूल्ड आणि पॅन त्यांचा असिस्टंट. गूल्डनी त्याला सांगितलं, ब्रॉडवेहून तो अस्टेअर आलाय, त्याला काही हवं-नको बघ. पॅन गेला. फ्रेड अस्टेअर, पुढे हॉलिवूडमध्ये गाजलेला नाचणारा नट, एका जागी अडला होता, दोन तुकड्यांच्या मधला सांधा जुळत नव्हता. पॅनने भीतभीत नॅशव्हिलमध्ये शिकलेली एक छोटी करामत करून दाखवली. अस्टेअरला ती आवडली, त्याने ती घेतली. तिथून पुढे अस्टेअरच्या ३१ संगीतिकांपैकी, म्हणजे नाचगाण्यांच्या चित्रपटांपैकी, १७ मध्ये पॅन त्याच्याबरोबर होता.

आता कामाची पद्धत सांगते, कारण ऑस्करच्या मागणीचा जीव तिथेच आहे. शूटिंगच्या कित्येक आठवडे आधी एका रिकाम्या हॉलमध्ये तिघं असायचे : अस्टेअर, पॅन आणि पियानोवर हॅल बॉर्न. जिंजर, अस्टेअरची पडद्यावरची जोडीदार, बहुतेक वेळा दुसऱ्या कुठल्यातरी चित्रपटात अडकलेली. मग जिंजर कोण? पॅन. अस्टेअरचा हात धरून, त्याच्या कमरेवर रेलून, गिरक्या घेत पॅनच नाचायचा. नाच बसला की जिंजर यायची. आता पॅन अस्टेअर व्हायचा आणि तिला तिचा भाग शिकवायचा. तो अंगावर चढला की मग कुठे दोघांना एकत्र उभं करायचं. शूटिंग संपल्यावरही सुटका नव्हती. टॅपचा, म्हणजे बुटांनी जमिनीवर धरलेल्या ठेक्याचा, आवाज नंतर वेगळा रेकॉर्ड व्हायचा. अस्टेअर स्वतःचे पाय स्वतः वाजवायचा आणि जिंजरचे टॅप अनेकदा पॅन वाजवायचा. म्हणजे पडद्यावर दिसते जिंजर आणि कानावर पडतात ते पाय पॅनचे!

हे वाचून मुंबईतला कुठलाही असिस्टंट खुदकन हसेल. आमच्याकडे अजूनही असंच चालतं. हिरोइन व्हॅनिटीत असते, तिच्या जागी असिस्टंट उभी राहते, कॅमेरामन तिच्यावर लाइट लावतो, हिरो तिच्याबरोबर रिहर्सल करतो. हिरोइन आली की असिस्टंट कॅमेऱ्याच्या मागे जाऊन तेच सगळं समोरून करून दाखवते. 'मॅडम, डावा, डावा!' एका गाण्यात अख्खा मुखडा मी बसवला होता, गाणं गाजलं, आणि श्रेयनामावलीत माझं नाव शोधायला भिंग घेतलं असतं तरी सापडलं नसतं. त्याबद्दल फार तक्रार नाही, तेव्हा पद्धतच तशी होती. लग्नात पंगतीला लोक यजमानाचं कौतुक करतात, आचाऱ्याचं नाव कोण विचारतो? पण तुमच्याकडे एकेकाळी आचाऱ्याचं नाव विचारायची पद्धत होती. ती तुम्हीच सुरू केली होती. म्हणून बोलायचं.

'स्विंग टाइम' १९३६ चा. त्यातल्या 'बोजँगल्स ऑफ हार्लेम'साठी पॅनला नामांकन होतं. अस्टेअर पुढे नाचतोय आणि मागच्या भिंतीवर त्याच्या तीन महाकाय सावल्या, त्याच्याबरोबर आणि मग त्याच्याशी स्पर्धा करत. ही कल्पना सुचली कशी? पॅन सांगत असे की रिहर्सलच्या जागी तीन दिवे होते आणि भिंतीवर फ्रेडच्या तीन सावल्या पडलेल्या त्याला दिसल्या. दिसल्या सगळ्यांनाच असतील, पण त्याचं गाणं होऊ शकतं हे ज्याच्या लक्षात येतं तो नृत्यदिग्दर्शक. मग ते तंत्रात बसवलं गेलं : आधी सावलीचं चित्रीकरण, तिच्या तीन प्रती, नंतर त्या प्रतींशी ताल जुळवत पुढच्या नाचाचं चित्रीकरण. एक काउंट इकडेतिकडे झाला की सगळं मुसळ केरात.

याच नाचाची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी नुसती आरती ओवाळतेय असं वाटेल. त्यात अस्टेअरने कृष्णवर्णीय दिसण्यासाठी चेहरा काळा रंगवलेला आहे. नाव बिल 'बोजँगल्स' रॉबिन्सन या कृष्णवर्णीय टॅप नर्तकाचं, पण जाणकार सांगतात की पायांची शैली जॉन बबल्स या दुसऱ्या कृष्णवर्णीय नर्तकाच्या जास्त जवळची. बबल्सकडे अस्टेअरने धडेही घेतले होते. म्हणजे श्रेयाची शिडी पॅनपाशी थांबत नाही, ती आणखी खाली जाते, ज्यांना त्या काळात स्टुडिओच्या पुढच्या दाराने कुणी आत घेतलं नसतं अशा माणसांपर्यंत. माझं म्हणणं असं की पुरस्काराचा विभाग असला की निदान हा प्रश्न विचारला जातो : हे कुणी बसवलं, कुणाकडून घेतलं? विभागच नसेल तर विचारणार कोण?

आता तुम्ही ज्याला ऑस्कर दिलंत तो 'फन हाउस'. चित्रपट जॉर्ज स्टीव्हन्सचा, संगीत जॉर्ज गर्श्विनचं. चित्रपट लागला तेव्हा गर्श्विन हयात नव्हता. जिंजर यात नाही. नायिका जोन फाँटेन, तिला नाचाचं अंग नव्हतं. मग करायचं काय? अस्टेअरबरोबर जॉर्ज बर्न्स आणि ग्रेसी अ‍ॅलन ही विनोदी जोडी घेतली आणि तिघांना जत्रेतल्या भूलभुलैयात सोडून दिलं. फिरते पाट, सरकती जमीन, गरगरणारं पिंप, घसरगुंड्या, जाडं-बारीक दाखवणारे आरसे. प्रेक्षकाला ती मजा वाटते. मला मात्र पाहताना घाम फुटतो. स्थिर जमिनीवर आठचा काउंट सांभाळणं वेगळं. इथे जमीन एकीकडे फिरतेय, नाचणारा दुसरीकडे चाललाय आणि कॅमेऱ्याला दिसायला हवं की तो जागच्या जागी आहे. पावलाची लांबी जमिनीच्या वेगावर ठरवावी लागते. त्यात अस्टेअर आणि ग्रेसी एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून, डोळे समोर रोखून, घोड्यासारखे गोल गोल धावतात. फ्रेड आणि त्याची बहीण अडेल रंगमंचावर हे करून टाळ्या घ्यायचे. तीच जुनी युक्ती इथे फिरत्या पाटावर आणून ठेवली आहे. या तुकड्यात नाच आणि सेट वेगळे काढताच येत नाहीत. सिनेमासाठीच रचलेला नाच म्हणतात तो हा. त्या वर्षी तुमच्या परीक्षकांना ते कळलं होतं, याबद्दल त्यांना माझा नमस्कार.

पॅनबरोबर त्याच वर्षी आणखी सहा जणांना नामांकन होतं. त्यांतला एक बसबी बर्कली. तीन वर्षं विभाग होता, तिन्ही वर्षं त्याला नामांकन होतं, तिन्ही वर्षं हात हलवत परत. या माणसाचा इतिहास और आहे. नाच शिकलेलाच नव्हता. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये अमेरिकन तोफखान्याचा लेफ्टनंट होता आणि शेकडो सैनिकांची कवायत बसवायचा. ती कवायत त्याने हॉलिवूडमध्ये आणली. १९३० च्या 'हूपी'साठी त्याला बोलावलं, १९३३ मध्ये 'फॉर्टीसेकंड स्ट्रीट'ने वॉर्नर ब्रदर्सला बळ दिलं. मुलींना गोलात झोपवून, बसवून, छताजवळून कॅमेरा रोखायचा आणि खाली फुलं उमलताना, मिटताना दिसायची. कॅमेऱ्याला उंची कमी पडली तर स्टुडिओच्या छताला भोक पाडायलाही त्याने कमी केलं नाही. 'गोल्ड डिगर्स ऑफ १९३५' मधले ५६ पांढरे पियानो आठवा, तालावर सरकणारे, जुळणारे. प्रत्येक पियानोच्या खाली काळे कपडे घातलेला एकेक माणूस वाकून तो ढकलत होता. 'गोल्ड डिगर्स ऑफ १९३३' मध्ये मुलींच्या हातात निऑन दिव्यांची व्हायोलिनं होती आणि शूटिंग चालू असताना मार्च १९३३ चा लाँग बीचचा भूकंप झाला. वीज गेली, अंधारात उंच मचाणावर मुली आणि क्रेनवरून पडता पडता वाचलेला बर्कली ओरडतोय, हलू नका, बसून राहा.

बर्कली आणि पॅन म्हणजे दोन टोकं. एकाच्या गाण्यात कॅमेरा नाचतो, दुसऱ्याच्या गाण्यात कॅमेरा गप्प उभा राहतो आणि माणूस डोक्यापासून बुटापर्यंत दिसतो. अस्टेअरचा आग्रहच तसा होता. मला विचाराल तर मी पॅनच्या बाजूची, कारण बर्कलीच्या मुली मला चेहरा नसलेल्या दिसतात आणि मी स्वतः मागच्या रांगेतली असल्याने ते मला टोचतं. पण मला आवडो न आवडो, सिनेमात नाच कसा दाखवायचा याची ही दोन्ही घराणी तुमच्या त्या तीन वर्षांच्या नामांकनांत समोरासमोर उभी होती. एवढा मोठा वाद चालू असताना तुम्ही आखाडाच बंद केलात.

का केलात? चित्रपट-इतिहासकार सांगत आले आहेत की दिग्दर्शकांच्या संघटनेला 'दिग्दर्शक' हे पद आणखी कुणी मिरवावं हे रुचलं नाही. कारण तेच असेल तर नवल नाही. गाण्यापुरता सेट कुणाच्या ताब्यात, यावरून आमच्याकडेही कमी रुसवेफुगवे झालेले नाहीत. पण नव्वद वर्षांपूर्वीच्या मानापमानावर आजचा कारभार चालवायचा का?

विभाग गेल्यावरही पॅन थांबला नाही. फॉक्स स्टुडिओत गेला, बेटी ग्रेबल आणि रीटा हेवर्थ या नट्यांबरोबर पडद्यावर नाचलाही. एमजीएम स्टुडिओत 'किस मी केट' (१९५३) केला. त्यात बॉब फॉसी नावाचा एक तरुण नाचणारा होता. एका गाण्यातला स्वतःचा छोटा तुकडा त्याला स्वतः बसवायचा होता, पॅनने बसवू दिला. मिनिटभराचाही नाही तो, पण फॉसीची सगळी पुढची शैली तिथे अंगठा चोखताना दिसते. त्याच फॉसीला तुम्ही पुढे 'कॅबरे'साठी दिग्दर्शनाचं ऑस्कर दिलंत. ज्येष्ठ माणसाने धाकट्याला जागा देणं किती अवघड असतं ते मास्टरजींच्या हाताखाली राबलेल्यांना विचारा.

१९५८ मध्ये दूरचित्रवाणीवर 'अ‍ॅन इव्हिनिंग विथ फ्रेड अस्टेअर' झाला, पॅन त्यातही होता. त्या कार्यक्रमाने टीव्हीचे नऊ एमी पुरस्कार पटकावले. १९५९ मध्ये तो 'कॅन-कॅन' करत असताना सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह सेटवर आले, नाच पाहिला आणि नंतर अनैतिक म्हणून मोकळे झाले. शीतयुद्धात नृत्यदिग्दर्शकाचीही वर्णी लागली ती अशी! 'क्लिओपात्रा'तला राणीचा रोमप्रवेश त्याचा. शेकडो माणसं, घोडे, धूर, पंख, आणि ते सगळं एका तालात सरकवायचं. त्याला नाच म्हणायचं की मिरवणूक हे तुम्ही ठरवा. बसवावं लागतंच. १९६८ च्या 'फिनियन्स रेनबो'त मात्र तरुण दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोलाने त्याला मध्येच काढून टाकलं. ही लाइन अशीच आहे. काल ज्याने हात धरून शिकवलं त्याला आज कुणीतरी दार दाखवतो.

यांतला एकच चित्रपट घेऊन माझा मुद्दा सांगते : 'माय फेअर लेडी', १९६४. आठ ऑस्कर. सर्वोत्तम चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, छायाचित्रण, कला, वेशभूषा, ध्वनी, संगीत. त्यातलं अ‍ॅस्कटच्या घोड्यांच्या शर्यतीचं गाणं डोळ्यांसमोर आणा. उच्चभ्रू मंडळी काळ्यापांढऱ्या कपड्यांत उभी आहेत आणि हलतच नाहीत. मान इतकीच वळते, पाऊल इतकंच पडतं, घोडे गेले तरी भुवई उडत नाही. लोक म्हणतात, काय ते कपडे! बरोबर आहे, सेसिल बीटनच्या त्या कपड्यांना ऑस्कर मिळालं. पण इतक्या माणसांना एका लयीत न हलवण्याचं काम कुणी केलं? हर्मीस पॅनने. ग्रुपला नाचवणं सोपं, ग्रुपला थांबवणं महाकठीण. कुणाच्या नाकाला खाज येते, कुणाची टोपी सरकते. थांबलेल्या माणसांतून ताल ऐकू येणं ही त्या गाण्याची जादू आहे आणि त्या वर्षी तुमच्या यादीत तिच्यासाठी रकाना नव्हता.

रकाना नसल्याने काय काय निसटलं ते सगळं मोजत बसत नाही. १९४३ च्या 'स्टॉर्मी वेदर'मधले निकोलस बंधू जिन्यावरून एकमेकांच्या डोक्यावरून उड्या मारत पाय फाकवून उतरतात, ते निसटलं. १९५२ चा 'सिंगिंग इन द रेन' निसटला. १९५४ चा 'सेव्हन ब्राइड्स फॉर सेव्हन ब्रदर्स', मायकेल किडने लाकूडतोड्यांना फळ्यांवर नाचवलं होतं, तोही निसटला. मधूनमधून तुम्हाला खंत वाटली असावी. जीन केली, जेरोम रॉबिन्स, 'ऑलिव्हर!'साठी ओना व्हाइट, १९९७ च्या सोहळ्यात मायकेल किड, अशांना तुम्ही मानद पुरस्कार दिलेत. अगदी अलीकडे, नोव्हेंबर २०२५ मध्ये डेबी अ‍ॅलन यांना दिलात, ज्यांनी तुमच्या सोहळ्यातले नाच अनेकदा बसवले होते. चांगलं केलंत. पण मानद पुरस्कार म्हणजे मर्जी. वाटलं तर द्यायचा. स्पर्धेतला विभाग म्हणजे हक्क. दरवर्षी कुणाला तरी ते काम नीट बघावंच लागतं, नावं वाचावीच लागतात.

तुमच्या इतिहासातला एक योगायोग तर फार बोलका आहे. सर्वोत्तम गाण्याचं पहिलं ऑस्कर १९३४ च्या चित्रपटांसाठी दिलं गेलं, ते 'द गे डिव्होर्सी'तल्या 'द काँटिनेंटल'ला. हे गाणं आहे एका नाचाबद्दल. नाचू या, असा नाच, तसा नाच, असं सांगणारं, आणि पडद्यावर त्याचा नाच पंधरा मिनिटांहून जास्त चालतो. पॅन त्या चित्रपटात गूल्डचा असिस्टंट होता. ऑस्कर संगीतकार आणि गीतकाराला मिळालं. गाण्याचा विभाग तेव्हापासून अखंड चालू आहे. मार्च २०२३ मध्ये त्याच विभागात 'आरआरआर'मधल्या 'नाटू नाटू'ला ऑस्कर मिळालं. हेही गाणं नाचाबद्दलच! कीरवाणी आणि चंद्रबोस यांच्या हातात ऑस्करची बाहुली बघून आम्ही इथे टाळ्या वाजवल्या, मी तर टीव्हीसमोर उभी राहून. पण कीव्हच्या त्या राजवाड्यासमोर गॅलिसखाली अंगठे अडकवून एकाच क्षणी पडणारे ते चार पाय बसवले प्रेम रक्षित यांनी. जगभर लोकांनी ज्याची नक्कल केली ती पावलांची होती. चाल गुणगुणणारे कमी, उड्या मारणारे जास्त. १९३४ पासून २०२३ पर्यंत तुमची पद्धत तीच : नाचाबद्दलच्या गाण्याला बक्षीस, नाचाला नाही.

विभाग असण्याने काय होतं हे आम्हा मराठी माणसांना ठाऊक आहे. कोल्हापूरच्या भानु अथय्या यांना 'गांधी'साठी १९८३ मध्ये वेशभूषेचं ऑस्कर मिळालं, जॉन मॉलो यांच्यासह. भारतीयाला मिळालेलं ते पहिलं ऑस्कर. वेशभूषेचा विभाग तुम्ही १९४८ च्या चित्रपटांपासून सुरू केला नसता तर? कपडे तेवढेच चांगले झाले असते, आणि भानुताईंचं नाव आमच्या पाठ्यपुस्तकांऐवजी श्रेयनामावलीच्या तळाशी राहिलं असतं. बाहुली आपल्या पश्चात नीट सांभाळली जावी म्हणून २०१२ मध्ये त्यांनी ती तुमच्याकडेच परत पाठवली. तुमच्यावर इतका भरवसा टाकणारी आमची माणसं आहेत.

आम्हीही काही फार लवकर शहाणे झालो नाही, हे सांगते. फिल्मफेअर पुरस्कार सुरू झाले १९५४ मध्ये. नृत्यदिग्दर्शनाचा विभाग त्यांनी काढला तो १९८९ मध्ये, 'तेजाब'च्या 'एक दो तीन'ने लोकांना वेड लावल्यावर. पहिला मान सरोज खान यांचा. त्यानंतर आमच्या हॉलमध्ये काय बदललं ते मी पाहिलंय. पोस्टरवर नृत्यदिग्दर्शकाचं नाव यायला लागलं. निर्माते रिहर्सलचे दिवस कापताना जरा विचार करायला लागले. पुरस्काराने पोट भरत नाही, पण करारात बोलायला तोंड मिळतं.

तुमचे आक्षेप काय असतील, याचा अंदाज आहे. आता संगीतिका फार निघत नाहीत, हा पहिला. 'ला ला लँड'मध्ये लॉस एंजेलिसच्या उड्डाणपुलावर मँडी मूर यांनी नाचवलेली गर्दी पाहिलीत, 'विकेड' पाहिलात, आणि संगीतिका नसलेल्या 'पुअर थिंग्ज'मधला तो वेडावाकडा नाचही पाहिलात. कॉन्स्टान्झा माक्रास यांनी बसवलेला तो नाच काढून टाकला तर नायिकेची अर्धी व्यक्तिरेखा जाते. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे : श्रेय नक्की कुणाचं? पॅनचं किती, अस्टेअरचं किती? पॅन स्वतः अस्टेअरला श्रेय देताना हात आखडता घेत नसे. मग दोघांची नावं लिहा. वेशभूषेचं एक ऑस्कर भानुताई आणि मॉलो यांच्यात वाटता आलं, तसंच नाचाचंही वाटता येईल. संकलनात दिग्दर्शकाचं किती आणि संकलकाचं किती हे तरी कुणी तराजूत घातलंय? ब्रॉडवेच्या टोनी पुरस्कारांत नृत्यदिग्दर्शनाचा विभाग १९४७ च्या पहिल्या सोहळ्यापासून आहे. टीव्हीच्या एमीतही आहे. त्यांना जमतं, तुम्हाला का जमू नये?

आणि आता तर तुम्ही दार उघडलंच आहे. कास्टिंगचा पुरस्कार २०२५ च्या चित्रपटांपासून आला. स्टंटचा २०२७ च्या चित्रपटांपासून, तुमच्या शंभराव्या सोहळ्यात येणार आहे. स्टंटवाल्यांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली, हाडं मोडून घेतली, त्यांना मिळतंय याचा आनंदच आहे. फाइटमास्टर आणि डान्समास्टर हे आमच्या युनिटमधले सख्खे भाऊ. दोघंही काउंटवर काम करतात, दोघांच्याही माणसांचे गुडघे चाळिशीत जातात. एका भावाला ताट वाढलंत, तर दुसऱ्यालाही वाढा.

म्हणून मागणी अशी की, २०२८ च्या त्या शंभराव्या सोहळ्याआधी नृत्यदिग्दर्शनाचा स्पर्धात्मक विभाग पुन्हा सुरू करण्याचा ठराव मंडळाने करावा. नाव काय द्यायचं ते दिग्दर्शकांच्या संघटनेला विचारून ठरवा, त्यावर आम्ही अडून बसणार नाही. नामांकनासोबत असिस्टंटचं नावही नोंदवायची तरतूद ठेवा, कारण १९३३ चा पॅन असिस्टंटच होता. तोवर एक गोष्ट विनाखर्च करता येईल. गाण्यांची नामांकनं जाहीर करताना त्या गाण्यावर नाच असेल तर संगीतकार आणि गीतकाराच्या नावानंतर तो बसवणाऱ्याचंही नाव वाचा. दोन सेकंद लागतील, आठच्या एका काउंटपेक्षा कमी.

ठराव आला की कळवा. इंग्रजीत कळवलंत तरी चालेल.

आपली विश्वासू,
मागच्या रांगेतली एक ग्रुप डान्सर,
मुंबई